पाठीने ऐकायची पेटी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आणि आमच्या गाडीत मी आवाजाची जी पेटी बसवली, तशी त्या काळी नाशिक रोडला आमच्या कॉलनीत तर नव्हतीच, पण पार देवळालीपर्यंत कुणाच्या गाडीत असेल असं मला वाटत नाही, हेही सांगून टाकते. विनय मला जमत नाही. स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टीचा अभिमान बाळगायचा नाही, तर मग कशाचा बाळगायचा?

मी एका तांत्रिक शाळेत रेडिओदुरुस्ती शिकवत होते. वर्गात सगळी मुलं आणि फळ्यापाशी पदर खोचून मी. दर वर्षी नवी मुलं सुरुवातीला एकमेकांना कोपरानं ढोसून हसायची. मग कुणाच्या तरी रेडिओतून आवाज निघेनासा व्हायचा, मी जाऊन तो काढून द्यायची, आणि हसू आपोआप गिळलं जायचं. घरी मात्र माझ्या या विद्येला फारसा भाव नव्हता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं. नवऱ्याच्या दृष्टीनं ती इस्त्री आणि मिक्सर दुरुस्त करण्यापुरती होती.

त्याचं सगळं प्रेम त्याच्या गाडीवर. बरीच वर्षं स्कूटरवर काढल्यावर ऐंशीच्या दशकात त्यानं एक सेकंडहँड गाडी घेतली. दुधी रंगाची, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली, डाव्या दारावर आधीच्या मालकानं उठवलेला पोचा. रविवारी सकाळी पिवळं फडकं घेऊन तो तिला पुसायला बसला की उन्हं डोक्यावर येईपर्यंत उठायचा नाही. शेजारीण एकदा मला म्हणाली, "तुमचे हे तुमच्याकडे कधी एवढं लक्ष देतात का हो?" मी म्हटलं, "मला चाकं नाहीत ना."

घरात तिसरे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा मूळचे बागलाणातल्या नामपूरचे, बोली अहिराणी. शेती थोडी, भावंडं फार, म्हणून तरुणपणीच मालेगावला आले आणि यंत्रमागावर लागले. पुढे जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारे. त्या खडखडाटात उभा जन्म गेला आणि त्यात त्यांचे कान गेले. ते काही एकदम जात नाहीत. आधी पाखरं जातात, मग सायकलची घंटी, मग बायकांचे आवाज, मग बोलण्यातली अक्षरं. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तोवर त्यांचं सगळं ऐकणं डोळ्यांवर आलं होतं. मागाच्या शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली माणसं ओठ वाचायला शिकतात. समोर तोंड करून नीट बोललं की मामांना सगळं कळायचं.

पण लोकांना हे कुठं ठाऊक? ते कानाशी येऊन ओरडायचे. बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एकदा दूधवाला असाच ओरडला. मामा शांतपणे त्याला म्हणाले, "बहिरा शे रे बाबा, मूर्ख नही." त्या दिवसापासून मला हा माणूस फार आवडला.

मामा पखवाज वाजवत. मागाची पाळी संपली की मालेगावातलं भजनी मंडळ, आणि वर्षातून एकदा गावी, मारुतीच्या देवळातला सप्ताह. सप्ताहातला पखवाज म्हणजे मामा, दुसऱ्या कुणाचं नावही निघत नसे. पखवाजाच्या डाव्या बाजूला धूम म्हणतात. वाजवण्याआधी तिच्यावर भिजवलेली कणीक थापतात. त्या वजनानं आवाज खाली उतरतो, भरदार होतो. ही कणीक मामा स्वतः भिजवत. पोळ्यांसाठी मळलेली त्यांना चालत नसे. ती किती लावायची आणि कुठं लावायची हे वाजवणाऱ्याच्याच हातानं ठरायला हवं, असा त्यांचा नेम होता. पखवाजाला घरातल्या कुणी हात लावायचा नाही, बाईमाणसानं तर नाहीच. नवी सून असताना मी एकदा गवसणी झटकायला म्हणून तो उचलला, तर सासूबाईंनी धावत येऊन माझ्या हातातून तान्हं मूल काढून घ्यावं तसा काढून घेतला. तेव्हाही मला राग आलाच होता.

मग एका सप्ताहात ते घडलं. मी समोरच बायकांमध्ये बसले होते. बुवांनी मध्येच चाल बदलली, ती मामांना ऐकू गेली नाही. ते जुन्याच लयीत, मान खाली घालून, मन लावून वाजवत राहिले. टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी शेजारच्या माणसानं पखवाजावर हळूच हात ठेवला. वाईट हेतूनं नाही ठेवला, पण ठेवला. मामांनी वर पाहिलं, एकेकाचं तोंड पाहिलं, पखवाज गवसणीत घातला आणि देवळातल्या खुंटीला अडकवून दिला. "आते आठेच राहू द्या," म्हणजे इथंच राहू द्या, एवढंच म्हणाले. त्यानंतर ते सप्ताहाला गेले नाहीत, आणि पखवाजाचं नावही त्यांनी काढलं नाही.

गाडी आली तसं नवऱ्याच्या मनात यंदा सप्ताहाला गाडी घेऊन जायचं आलं. देवळासमोर गाडी उभी करायची, चार माणसांनी तिच्याभोवती फिरून बघायचं, असं ते चित्र. मामांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही जा. मी तठे जाईसन काय करू? लोकेसना तोंडं देखू?"

नवरा फडकं घेऊन गाडीकडे गेला. मी मात्र आतल्या आत धुमसत राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या भजनाला ठेका दिला, त्यानं आता गावात जाऊन तोंडं बघायची? मी तिथल्या तिथं ठरवलं, मामा या सप्ताहाला येणार, आणि तोंडं बघायला येणार नाहीत.

कसं, ते मला ठाऊक नव्हतं. ते मालगाडीनं सांगितलं.

आमच्या घरामागे थोड्या अंतरावर रेल्वेचे रूळ. मामा दुपारी खाटेवर बसलेले असत. दारावरची घंटी त्यांना ऐकू यायची नाही, कुकरची शिट्टी यायची नाही. पण मालगाडी यायची झाली की आमच्या कुणाच्या कानावर पडायच्या आत ते म्हणायचे, "मालगाडी उनी." हे मी रोज ऐकत होते. रोज ऐकलेल्या गोष्टीकडे माणसाचं लक्ष जात नाही. सप्ताहाचं डोक्यात घोळत असताना ते परत म्हणाले, आणि माझ्या हातातली भाजी निवडायची राहिली.

शाळेत परवानगी काढून मी सूर काढणारं एक यंत्र घरी आणलं. त्याला एक चकती असते, ती फिरवली की सूर चढतो किंवा उतरतो. जुन्या स्पीकरला ते जोडलं आणि मामांना सांगितलं, ऐकू आलं की बोट वर करा. बारीक सुरांना ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी चकती फिरवत सूर खाली आणत गेले. बराच खाली आल्यावर बोट वर झालं. आणखी खाली नेला, तर बोटाबरोबर भुवयाही वर गेल्या. मला इतका आनंद झाला की मी यंत्र तसंच चालू ठेवून चहा टाकायला उठले. त्यांचे कान सगळे गेले नव्हते. घराचं छप्पर उडालं होतं, जोतं शाबूत होतं.

तेव्हा बेत ठरला. गाडीत टेप होता, पण त्याचे स्पीकर वाटीएवढे, त्यातून पखवाज म्हणजे बिस्किटाचा रिकामा डबा बडवल्यासारखा यायचा. मी डिकीत मोठा वूफर बसवणार होते. फक्त खालचे, जाड आवाज काढणारा स्पीकर, चांगल्या बंद लाकडी पेटीत. नामपूरचा रस्ता लांबचा. तेवढ्या वेळात मामांना भजनातला पखवाज नीट ऐकू आला, तर पुढचं पुढं.

नवऱ्याला सांगितल्यावर त्यानं गाडीच्या किल्ल्या खिशात टाकल्या.

"माझ्या गाडीला भोक पडणार नाही," तो म्हणाला.

"नाही पडणार."

"स्टेपनी हलणार नाही."

"नाही हलणार. अटी संपल्या की सांगा, मग मोजमापाला लागते."

"आणि गाडी पेटणार नाही ना?"

"बॅटरीपाशी फ्यूज लावणार आहे. काही झालं तर आधी तो उडेल."

"म्हणजे पेटू शकते."

मी ब्लाउजचं माप घ्यायची टेप घेऊन सरळ डिकीत वाकले. मागल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानांमागे आकडे लिहीत गेले. स्टेपनी डावीकडे, पेटी उजवीकडे, डिकीचं झाकण खाली येताना त्याचा दांडा कुठवर येतो, दगडधोंड्यांच्या रस्त्यावर पेटी सरकू नये म्हणून पट्ट्या कुठं. आणि वाकून आत हात घातला तेव्हा एक मोठी गोष्ट सापडली. मागच्या सीटच्या पाठीमागे पत्रा नव्हता, नुसता जाड पुठ्ठा होता. पुठ्ठा काढला की पेटीचा आवाज सरळ मागच्या सीटवर. भोक पाडायचं कामच उरलं नाही. मी डिकीतून बाहेर आले तेव्हा केसांना ग्रीस लागलं होतं आणि मी हसत होते, असं नवरा पुढे बरीच वर्षं सांगायचा.

वूफर आणायला आम्ही मेनरोडच्या मागच्या बोळातल्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "साहेब आलेत का? त्यांना समजावून सांगतो."

"साहेब बाहेर गाडी पुसतायत. तुम्ही मला चार ओहमचा दाखवा," मी म्हटलं, आणि त्यानं काढलेला पहिला वूफर उलटा करून त्याचं लोहचुंबक बघून परत दिला. दुसरा दिला, तोही परत केला. तिसऱ्या खेपेला त्यानं आतल्या खोलीतून काढून आणला. असा माल त्या लोकांनी समजणाऱ्यासाठीच आत ठेवलेला असतो.

अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः जोडला. पेटीचे प्लायवूडचे तुकडे कॉलनीतल्या सुताराकडून कापून घेतले आणि घरी आणून चिकटवले. सगळ्या फटी सरस आणि लाकडाच्या भुशानं बुजवल्या, कारण पेटीतून वारा गळला की आवाजाचा दम जातो. मामा सगळं बघत बसायचे. मागाच्या जॉबरला कुणी काही जोडत असताना दूर बसवत नाही. आत काय भरायचं म्हणून त्यांनी खुणेनं विचारलं, मी कापूस म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं मालेगावला गेले आणि जुन्या शेडमधून वाया गेलेल्या सुताचं गाठोडं काखेत घेऊन परत आले. माझ्या पेटीच्या पोटात मालेगावचं सूत आहे.

जाड आवाज तेवढा जाऊ देऊन बारीक अडवणारी एक गाळणी लागते, तिच्यासाठी तांब्याच्या तारेची गुंडाळी करावी लागते. वेढे मोजताना माझा हिशेब हमखास चुकतो, कुणीतरी दार वाजवतं किंवा दूध उतू जातं. ते काम मामांनी मागून घेतलं. बारा मात्रांचा ताल मनात धरून ते वेढे घालत होते, एक आवर्तन झालं की जमिनीवर खडूची रेघ. ओठ हलत होते. पखवाज सोडल्यापासून त्यांचे ओठ असे हललेले मी पाहिले नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, आणखी थोडे वेढे लागले असते तर बरं झालं असतं.

आणि मग त्यांनी घोटाळा केला.

वूफर पेटीत बसवून झाला होता, वाजवून बघायचा राहिला होता. शाळेतून आले तर मामा पेटीसमोर मांडी घालून बसलेले. वूफरच्या काळ्या कागदी पडद्यावर मधोमध, गोल, सुबक, कणीक थापलेली. ओल्या बोटानं कडा गुळगुळीत केलेल्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "धूम कोरडी व्हती," ते म्हणाले.

कोरडी धूम कुणाला वाजवायला देणं त्यांच्या लेखी अर्धवट काम होतं. आणि मी बघत असताना तो कागद पाणी पिऊन मऊ पडत होता. मी घाईनं कणीक काढायला गेले, तर तिच्याबरोबर कागदाचा तुकडाच हातात आला. ओरडले नाही. बहिऱ्या माणसावर ओरडण्यात काही अर्थ नसतो. पण जे ओठांवर आलं ते त्यांनी नेमकं वाचलं. कणकेची वाटी उचलून ते मोरीवर गेले आणि वाटी बराच वेळ धूत बसले.

माझा राग जसा चढतो तसा उतरतोही. संक्रांतीचा पतंगाचा जांभळा कागद घरात होता. त्याचा तुकडा डिंकानं आतून बाहेरून चिकटवला, वाळू दिला. काळ्या पडद्यावर जांभळं ठिगळ, शोभा काही वाढली नाही. दुसऱ्या दिवशी सूर काढायचं यंत्र जोडून मी पेटी हळूच चालू केली. मामा दारातच थांबले होते. मी हातानं बोलावलं. ते आले आणि ठिगळाला न शिवता पेटीच्या बाजूच्या फळीवर त्यांनी सपाट तळवा ठेवला.

मी सूर उतरवला. त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट खाली गेलं. चढवला, बोट वर गेलं. केसभर हलवला, तरी बोट केसभर हललं. आवाज मी इतका लहान केला की मलाही तो धड ऐकू येईना. बोट चालूच. मी चकती सोडून त्यांच्या तळव्याकडेच बघत बसले.

मी इतके दिवस पेटी त्यांच्या कानांसाठी करत होते. मालगाडी त्यांना कानांनी कळत नव्हती, खाटेतून कळत होती. कणीकही त्यांनी आधी तळवा लावून बघूनच थापली असणार. या माणसाला कानांनी जेवढं ऐकू येतं त्याच्या कितीतरी पट अंगानं ऐकू येतं, आणि मी पेटी डिकीच्या कोपऱ्यात ठेवून मध्ये सीटची मऊ गादी तशीच ठेवायला निघाले होते. कॅलेंडरचं पान उलटून मी बेत बदलला. पेटी सीटला भिडवायची. मध्ये हवा नाही, गादी नाही. सीटच्या लोखंडी सांगाड्याला लाकडी पट्टी, पट्टीला पेटी, सगळं स्क्रूनं आवळलेलं, म्हणजे पाठ टेकली की पेटीलाच टेकली.

म्हणजे सीटच्या सांगाड्याला भोकं. मी नवऱ्याशी भांडायची पूर्ण तयारी केली होती, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. पण वडलांचा तो तळवा आणि ते वरखाली होणारं बोट त्यानंही दारातून पाहिलं होतं. त्यानं किल्ल्या काढल्या, शेजाऱ्यांकडून ड्रिल आणलं आणि म्हणाला, "कुठं पाडायचं ते खडूनं आख. वाकडं पडायला नको." माझी वाक्यं वाया गेली. अशी वाया गेलेली बरी.

सप्ताहाला निघालो तेव्हा मामांना एवढंच सांगितलं की मालेगावपर्यंत चला, जुन्या लोकांना भेटा. ते मागे बसले, मी शेजारी. आग्रा रोडला लागल्यावर मी बाजारातली भजनाची एक कॅसेट लावली आणि पेटीचं बटण दाबलं.

मामा दचकले. मागे वळून सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, टेका. त्यांनी पाठ टेकली आणि डोळे मिटले. पिंपळगाव गेलं. चांदवडच्या अलीकडे कुठंतरी त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, मग डाव्या हाताचा पंजाही. पेटीतला ठेका आणि गुडघ्यावरचा ठेका बरोबर एकावर एक पडत होता. नवऱ्यानं आरसा तिरका करून घेतला होता आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवत होता. मागचे ट्रक हॉर्न मारून बेजार झाले.

मग मामांनी डोळे उघडले आणि कपाळाला आठी घातली. "हाऊ गडी पयस," ते म्हणाले.

कॅसेटमधला पखवाजवाला लय सोडून पळतो, अशी तक्रार होती. मी कान देऊन ऐकलं. खरोखरच शेवटाकडे तो घाई करत होता. मी ते आजवर कधी धरलं नव्हतं. माझी पेटी इतकी स्वच्छ वाजत होती की बहिरा माणूस तिच्यातून दुसऱ्याच्या चुका काढत होता. आयुष्यात मला बक्षिसं फार मिळाली नाहीत, पण त्या तीन शब्दांनंतर मला त्यांची फारशी गरजही वाटली नाही.

मालेगावला ते उतरलेच नाहीत. नवऱ्यानं मागे वळून समोर तोंड करून विचारलं, "बाबा, इथं थांबायचं ना?" मामा म्हणाले, "कॅसेट उलटी कर." गाडी नामपूरच्या रस्त्याला लागली.

पुढचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. डिकीत, स्टेपनीखाली, लांब वायरचं भेंडोळं आणि एक माइक होता. पेटीला माइक जोडायची सोय मी घरीच करून ठेवली होती. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं आणखी अटी घातल्या असत्या.

देवळासमोर गाडी उलटी लावली. चार माणसं खरोखरच तिच्याभोवती फिरली, पण नवऱ्याचं लक्ष नव्हतं, तो पेटीचे स्क्रू सोडवत होता. मी सभामंडपात बुवांकडे गेले. तेच बुवा, मामांच्या बरोबरीचे, आता केस पांढरे झालेले. म्हटलं, तुमच्यापुढे एक माइक ठेवायचा आहे, आणि त्या खांबाशी एक पेटी, पेटीला टेकून मामा बसतील. तुमचा आवाज त्यांना पाठीतून कळेल. मंडपात कुजबुज झाली. एक जण म्हणाला, बाईमाणूस भजनात वायरी घेऊन कुठं आलं? मी त्याच्याकडे एकदाच बघितलं. बुवा मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते दारात उभ्या असलेल्या मामांकडे बघत होते.

"ठेव पोरी," ते म्हणाले. "गळा फाडून गाईन."

"फाडू नका," मी म्हटलं. "नेहमीसारखं गा. बाकीचं माझ्याकडे."

मामा यायला तयार नव्हते. नवऱ्यानं त्यांचा हात धरून आणलं आणि खांबाशी बसवलं. मी आवाज वाढवला तर पेटी माइकमधून स्वतःचाच आवाज ऐकून हूं करून घुमायला लागली, टाळकरी हसले. मी माइक वळवला, आवाज बेतानं उतरवला, आणि बुवांना मान हलवून खूण केली. इथं चुकलं असतं तर त्या माणसाला दुसऱ्यांदा सगळ्यांची तोंडं बघायला मीच आणून बसवलं असतं.

बुवांनी सूर लावला. मामांची पाठ ताठ झाली. ते बुवांच्या ओठांकडे बघत नव्हते. जमिनीकडे बघत होते. बुवांनी एक ओळ घेतली, परत घेतली, आणि मुद्दामच, मला आजही वाटतं मुद्दामच, चाल बदलली. मामांचा हात मांडीवर नव्या चालीच्या समेला पडला. नेमका.

त्यांनी मान वर केली आणि खुंटीकडे बघितलं. कुणीतरी पखवाज काढून आणला, गवसणीवरची धूळ झटकली. कणीक हवी म्हणून एक बाई घरी पळाली, पीठ आणि पाण्याचा गडू घेऊन आली. मामांनी परातीत पीठ भिजवलं, चांगलं घट्ट मळलं. मंडळ थांबून बघत होतं. मळून झाल्यावर त्यांनी पखवाज फिरवला, धूम माझ्याकडे केली आणि कणकेचा गोळा माझ्यापुढे धरला.

"तू लाव, बेटा. तुले आवाज समजस."

मी पुढे झाले. धूम गार आणि कोरडी होती. मधोमध कणीक थापली, ओल्या बोटानं कडा गुळगुळीत केल्या, जशा मी त्या पडद्यावर बघितल्या होत्या. मामांनी थाप मारली, तळवा कातड्यावर धरून ठेवला, मान हलवली. थोडी कमी. मी चिमूटभर काढली. पुन्हा थाप. मग त्यांनी पाठ पेटीला टेकली आणि बुवांकडे बघून हसले.

भजन बराच वेळ चाललं, आणि एकदाही कुणाला पखवाजावर हात ठेवावा लागला नाही. संपल्यावर बुवांनी घाम पुसत, सवयीनं मामांच्या कानाशी वाकून विचारलं, "धूम आज गोड बोलत होती. कणीक कुणी लावली म्हणावी?" त्यांनी स्वतः बघितलं होतं, तरी विचारलं. मामांनी त्यांना हातानं समोर आणलं, ओठ वाचले, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मनी सून."

मी तेव्हा गाडीपाशी वायरी गुंडाळत होते, तिथवर ते ऐकू आलं. बोटांवर कणीक वाळली होती. घरी परत येईपर्यंत मी हात धुतले नाहीत.